टायरवरचं कणीस

पंचेचाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या गाड्यांत हवा भरली, आणि मला अजून हवेचं भ्या वाटतं. ज्याला वाटत नाही त्यानं टायरच्या धंद्यात पडू नये. खरं तर त्यानं गाडीतही बसू नये.

माझं दुकान न्हावऱ्याकडून केडगाव-चौफुल्याला जाणाऱ्या रस्त्यावर, पारगावच्या पुलापासून हाकेच्या अंतरावर. आता पोरगा चालवतो. मी बाकड्यावर बसून येणारी-जाणारी चाकं बघतो. लोक गाडीचा रंग बघतात, आत कोण बसलंय ते बघतात, माझी नजर आधी खाली जाते. शाळा चौथीपर्यंत. या लेखातलं अक्षर माझं आहे, ऱ्हस्व-दीर्घ सुनेचं. तिनं काही ठिकाणी माझी भाषाही सरळ केली होती, ती मी परत वाकडी केली.

धंदा शिकलो दौंडला, रेल्वेच्या यार्डामागं. उस्ताद उत्तरेकडचे होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला उसानं भरलेल्या एका ट्रकपाशी नेलं आणि म्हणाले, "कान लगा." मी टायरला कान लावला. आत काहीच ऐकू येईना.

"क्या सुना?"

"कुछ नहीं, उस्ताद."

"बस. इसी 'कुछ नहीं' पे पंद्रह टन खड़ा है. इसकी इज्जत कर."

त्या दिवशी अंगावर आलेला काटा अजून गेलेला नाही. लोखंडाचा सांगाडा, वर ऊस, त्यावर झोपलेला क्लीनर, हे सगळं डोळ्याला न दिसणाऱ्या वस्तूवर उभं. त्या हवेला धरून ठेवायला काय, तर रबर, दोरा आणि केसासारखी तार. मोठमोठी देवळं बघितली, धरणाची भिंत बघितली, पण मला टायरएवढं नवल कशाचं वाटलं नाही.

दुसरं नवल मला माझं मीच सापडलं. ट्यूब आत चिकटू नये म्हणून आम्ही संगजिऱ्याची पूड लावतो. एकदा ती पूड मोटारीच्या टायरला बाहेरून लागली, आणि जॅकवरची गाडी मी शहाबादी फरशीवर खाली सोडली. परत उचलली तर फरशीवर पांढरा ठसा. केवढा? माझ्या तळहाताएवढा. मी वरून हात ठेवून बघितला. बोटंसुद्धा धरायची नाहीत, नुसता तळवा. चार चाकांचे चार तळवे. अख्खी मोटार, आतली माणसं, सामान, सगळ्यांची जमिनीशी गाठ तेवढ्याच जागेवर. ब्रेक दाबला की गाडी थांबते ती त्या चार तळव्यांच्या जोरावर. वळणावर गाडी रस्त्यात राहते तीही त्यांच्याच.

तेव्हापासून ती माझी रीतच पडली. कुणी म्हणालं, "आप्पा, स्वस्तातलं काहीतरी बसवा, टायर काय, गोल असला म्हंजी झालं," की मी काही बोलायचो नाही. त्याची गाडी उचलायची, पूड लावायची, ठसा काढायचा आणि म्हणायचं, "ठेवा हात त्यावर." निम्मे लोक हात ठेवून चांगला टायर बसवून घ्यायचे. निम्मे हसून पुढच्या दुकानात जायचे.

हसून गेलेल्यांतला एक कासुर्डीचा नर्सरीवाला. शहरातून नाव ना गाव असले चार नवेकोरे टायर घेऊन आला, बाजूला गरुडाचं चित्र. रबर इतकं कडक की नख रुतेना. म्हणालो, "ह्ये रस्ता धरायचं न्हाई." तो म्हणाला, "आप्पा, कडक हाय म्हंजी लई वर्सं चालंल की." श्रावणातल्या भुरभुरीत त्यानं आमच्या पुलावर ब्रेक मारला. नशीब की समोरून कोणी नव्हतं. पांढराफटक पडून दुकानात आला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "आप्पा, एका दमात मला भीमामाई दोन्ही अंगानं दिसली."

दुसरे केडगावचे एक रिटायर मास्तर. त्यांनी कुठून तरी मातीमोलानं चार टायर मिळवलेले. एकदाही न वापरलेले, रबराचे केससुद्धा झडले नव्हते. मी बाजूचा आकडा दाखवला. प्रत्येक टायरवर चार अंक कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ते टायर बारा वर्षांचे निघाले.

"म्हणजे टायरलाही जन्मपत्रिका असते होय?" मास्तर म्हणाले.

"असती. आन् लग्नाआधी बघायची असती."

"अरे पण वापरलेले कुठे आहेत ते?"

"मास्तर, भाकरी फडक्यात बांधून ठिवली म्हणून शिळी व्हायची राहती का?"

मास्तरांनी टायर परत केले. शिकलेल्या माणसाला शिळ्या भाकरीनं पटवता आलं, याचा मला बरेच दिवस ताठा होता.

ताठा मला पहिल्यापासूनच. आणि आता जे लिहायचं आहे ते त्या ताठ्याचंच आहे.

टायरच्या अंगावर ज्या खाचा असतात, त्या शोभेच्या नसतात. वावरात साठलेलं पाणी काढायला आपण चर मारतो, तशा त्या पाणी बाहेर फेकतात. खाचेच्या तळाशी कंपनीनं जागोजाग रबराचा छोटा बांध ठेवलेला असतो. झिजून झिजून रबर त्या बांधाला टेकलं की टायर संपला. पण आमच्या धंद्यात एक कला आहे, कटिंगची. वाकड्या पात्याचा कटर विजेवर गरम करायचा आणि गुळगुळीत झालेल्या टायरवर हातानं परत खाचा कोरायच्या. रबर लोण्यासारखं निघतं. वरून काळं पॉलिश मारलं की टायर नवा दिसतो. दिसतो फक्त. खाच खोल झाली म्हणजे आतलं रबर कमी झालं, तारेवरची साय तेवढी उरली.

उसाच्या टायरगाडीला असला टायर चालतो. बैल काय ऐंशीनं पळत नाही. चिखलात चाक घसरू नये एवढंच तिथं काम. मी कटिंग करायचो ते बैलगाड्यांसाठी, फवारणीच्या ब्लोअरसाठी, चाऱ्याच्या छकड्यांसाठी. आणि सांगतो, शिरूरपासून दौंडपर्यंत माझ्यासारखा हात नव्हता. खाच सुतात. आणि शेवटच्या खाचेच्या टोकाला, टायरच्या खांद्यावर, मी माझी खूण काढायचो. ज्वारीचं कणीस. एक उभा काप, दोन्ही अंगाला तीन-तीन तिरपे काप. अंगठ्याएवढं. बैलगाडी रस्त्यानं गेली तरी लोक म्हणायचे, आप्पाचं कणीस चाललं.

शिरूरकडचा एक जुना माल विकणारा माझ्याकडं मोटारींचे झिजलेले टायर आणायचा. म्हणायचा, "आप्पा, ब्लोअरवाल्यांना पाहिजेत. जरा खोल काढा. आन् वरनं पॉलिश तेवढं मारा." ब्लोअरच्या टायरला पॉलिश कोण मारतं? डाळिंबाच्या बागेत कोण बघतं? हे मला तेव्हा विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. कारण पुढचं वाक्य तो असं म्हणायचा, "तुमच्यासारखा हात आख्ख्या जिल्ह्यात न्हाई, आप्पा." माणूस एवढ्यावर आंधळा होतो.

दोन वर्षांमागच्या खंडेनवमीची गोष्ट. त्या दिवशी आम्ही हत्यारांची पूजा करतो. पाने, जॅक, हातोडा, लिव्हर, कटर, सगळं धुऊन-पुसून पाटावर मांडायचं, कुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. आणि त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर ते आपल्यासाठी राबतं, एक दिवस त्याचा. हा नेम मी पंचेचाळीस वर्षांत मोडला नव्हता. माझ्याच पोराच्या लग्नाचं वऱ्हाड पंक्चर होऊन दारात थांबलं, तेव्हाही नाही. वऱ्हाड टमटमनं गेलं.

सकाळी नऊच्या सुमाराला दुकानासमोरच्या गतिरोधकावर फाटकन आवाज झाला. एक पांढरी मोटार वाकडी होऊन थांबली. वडगाव रासाईचा रमेश, कांदा आणि झेंडू करणारा पस्तिशीचा गडी, ओळखीचा. गाडीत त्याची बायको, दोन लहान पोरी आणि म्हातारी आई, पार्वताक्का. मागं साड्यांचं बोचकं, पेढ्यांचे बॉक्स. बहिणीची सुपारी फुटायची होती इंदापूरला, बारा वाजता. बहीण आणि पाहुणे दुसऱ्या गाडीनं पुढं गेलेले.

"आप्पा, स्टेपनी लावून द्या पटकन."

"आज न्हाई. हत्यारं पूजेला हायेत."

"अवो, पाच मिनटाचं काम!"

"पंचेचाळीस वर्सांचा नेम हाय."

"आप्पा, तुमच्या नेमापायी माझ्या बहिणीची सुपारी तशीच राह्यची!"

"तुझ्या गाडीत पाना असंल की. लाव तुझा तू."

त्यानं दात खात स्वतःच जॅक लावला. मी बाकड्यावरून उठून फुटलेल्या टायरजवळ गेलो. माझ्या डोळ्यांची काही पूजा मांडलेली नव्हती, बघायला काय हरकत? टायर काळाभोर, खाचा खोल. फुटलेला मात्र खाचेतूनच, सरळ रेघेत, पिकलेली शेंग उकलावी तसा. मी वाकून खाचेचा तळ बघितला. कंपनीचा बांध नव्हता. मग नजर खांद्यावर गेली.

कणीस.

एक उभा काप, तीन तिरपे, तीन तिरपे. हात माझा.

मी खाली बसलो. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते खरं लिहितो. खाच किती सुतात आलीय, हे आलं. आणि त्याच्या मागोमाग गाडीतून त्या पोरींचं हसणं ऐकू आलं.

मी बसत-सरकत उरलेल्या तीन चाकांवरून हात फिरवला. कणीस. कणीस. कणीस.

रमेशनं स्टेपनी चढवली, हात पुसले. मी विचारलं, "ह्ये टायर कुठनं आणलं?"

"शिरूरला. दोनच महिने झालं. जवळजवळ नवंच हायेत, एकाच्या पैशात चार आलं. ह्यो कंपनीचाच पीस खराब निघाला, बाकीचं झक्कास. काल तर समदी पुण्याला जाऊन आलो, हायवेला एकशे दहानं! गाडी जरा हालली न्हाई."

एकशे दहा. मी त्या फुटक्या टायरात हात घातला. आतल्या दोऱ्याचे थर सुटले होते, तारा रबराबाहेर आल्या होत्या. काल एवढ्यावर पाच जीव पुण्याला जाऊन आले. काय धरून ठेवलं होतं त्यानं, मला आजतागायत उमगलं नाही. एखादा शेवटचा दोरा. आणि तो तुटला कुठं, तर माझ्या दारात, गाडी माणसाच्या चालीनं गतिरोधक ओलांडत असताना. पंधरा मिनिटांनी ते सोलापूर हायवेला लागले असते.

"रमेश, ह्या टायरांवर जाऊ नको."

"का?"

"खराब हायेत."

त्यानं खिशातून रुपया काढून खाचेत उभा घातला. पार आकड्यापर्यंत आत गेला. "ह्ये बघा. ह्याला खराब म्हणत्यात? तुमचं बरं हाय आप्पा, स्वतः हत्यार उचलायचं न्हाई, आन् दुसऱ्याला जाऊ द्यायचं न्हाई. कसली जिद्द म्हणायची ही?"

तो गाडीत बसला, चावी फिरवली. मी उठलो आणि बंपरला पाठ टेकून गाडीच्या पुढं बसलो. रस्त्यात, मांडी घालून.

"आप्पा, उठा! डोकं फिरलं का म्हातारपणी?"

हॉर्न वाजला. मागून एक टेम्पोवाला शिव्या देऊन बाजूनं गेला. शेवटी मागचं दार उघडलं आणि पार्वताक्का काठी टेकत खाली उतरल्या.

"आप्पा, तुमी उगं रस्त्यात बसणारातलं न्हाई. काय हाय ते सांगा, मग आमी जातो, न्हाईतर ऱ्हातो."

टायर खराब आहेत, हे हजार जणांना सांगून झालं होतं. त्याला काय लागतं? पण रमेशच्या रुपयापुढं ते चालणार नव्हतं. तो ऐकेल अशी एकच गोष्ट माझ्याकडं होती, आणि ती सांगितली की शिरूर ते दौंड आप्पाचं नाव संपलं. पार्वताक्का तशाच उभ्या होत्या.

मी उठलो. दुकानात गेलो. पाटावरून कटर उचलला. पात्यावरचं कुंकू ओलं होतं, झेंडूचं फूल खाली पडलं. बायको आतून ओरडली, "अवो, काय करताय? आज खंडेनवमी!" मी बटण दाबलं. पातं तापलं, कुंकू जळालं, उदबत्तीच्या वासात रबराचा वास मिसळला. जुन्या टायरच्या एका तुकड्यावर मी सात काप मारले. मग तो तुकडा नेऊन रमेशच्या चाकाला, खांद्यापाशी, लावून धरला.

"बघ."

त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. कणसाशेजारी कणीस.

"ह्ये तुम्ही कोरलंय?"

"व्हय. ब्लोअरसाठी म्हणून. टायर मेलेलं हायेत. मीच जितं दाखवलं."

वाटलं होतं शिव्या देईल. मारलं असतं तरी मी हात वर केला नसता. तो गाडीकडं वळला, काचेतून आत बघितलं आणि हळू म्हणाला, "माझ्या पोरी हायेत आत, आप्पा."

मी त्याला गाडी दुकानाच्या फरशीवर घ्यायला लावली.

मोडलेल्या नेमाचं काय सोवळं पाळायचं? मी पाना उचलला. माझ्या पोराची मोटार त्याच मापाची होती. तिची चारही चाकं काढली आणि रमेशच्या गाडीला लावली. नट रमेशनंच आवळले. शेवटचं चाक खाली सोडताना सवयीनं माझा हात संगजिऱ्याच्या डब्यात गेला होता, पूड टायरला लागली. गाडी दोन बोटं पुढं सरकली आणि फरशीवर पांढरा ठसा राहिला.

पार्वताक्कांनी विचारलं, "ह्ये काय?"

"चाक एवढंच टेकतं, आक्का."

त्या काठीवर जोर देऊन खाली वाकल्या आणि ठशावर हात ठेवला. बारीक, सुरकुतलेला हात. ठसा त्यांच्या तळव्यापेक्षा जरासा मोठा होता.

"आन् एवढ्यावर आमी समदी बसून जातो?"

"समदेच जात्यात, आक्का. राजा असू दे न्हाईतर रंक."

"आगं बया," त्या म्हणाल्या. मग तो हात, पांढरा झालेला, त्यांनी कपाळाला लावला आणि गाडीत जाऊन बसल्या.

सुपारी दोन वाजता फुटली. तसा फोन आला, बायकोला. मला नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रमेशनं चाकं आणून दुकानासमोर उतरवली. एकावर एक, नीट. सोनं द्यायला वाकलाही नाही. जाताना खिशातून एक आपट्याचं पान काढून बाकड्यावर ठेवलं. "आईनं दिलंय," म्हणाला आणि गेला. त्यानंतर तो हवा भरायलाही कधी थांबला नाही. बरोबर आहे त्याचं.

तो कटर मी परत पूजेला मांडला नाही. पातं मोडून भंगारात घातलं. मग शिरूरला त्या विकणाऱ्याकडं गेलो. म्हणालो, माझं काम केलेले टायर कुणाकुणाला दिलेस, नावं सांग. तो चहा पीत होता, हसला. "आप्पा, गिऱ्हाईक काय लग्नाच्या यादीत लिवून ठिवतो का आपण? गेलं ते गेलं. तुमचं काम लई चाललं बघा." ते ऐकून मला कधी नव्हे ती माझ्या हाताची लाज वाटली.

त्याच्यासाठी मी किती टायर कोरले, मला नक्की सांगता येत नाही. त्यातले काही खरंच ब्लोअरला गेले असतील. काही संपले असतील. पण काही आज, या घडीला, कुठल्या तरी गाडीखाली फिरतायत. आत माणसं बसलीत, गाणी लावलीत, काच खाली केलीय. बाकड्यावर बसून मी प्रत्येक चाकाच्या खांद्याकडं बघतो, पण समोरून जाणाऱ्या गाडीचं चाक फिरत असतं. फिरत्या चाकावर खूण दिसत नाही.

म्हणून हे लिहिलं. एरवी मी लिहिणारा माणूस नव्हे. हा दिवाळी अंक तुमच्या हातात असेल तेव्हा तुमची गाडी दारात उभी असेल. खाली जा. टायरच्या खाचेत बोट घाला आणि तळाशी बांध लागतो का बघा. मग खांद्यावरून हात फिरवा. तिथं अंगठ्याएवढं कणीस लागलं, एक उभा काप, तीन तिरपे, तीन तिरपे, तर गाडी आहे तिथंच उभी ठेवा. पाडव्याला पाहुण्यांकडं एसटीनं जा.

ते कणीस माझं हाय.